खारेपाटात जमीन घेऊन जिताडा पाळायचा असेल तर : रायगडात नव्याने येणाऱ्यांसाठी

रायगडात जागा बघायला येणारे बहुतेक जण समुद्र बघतात. जिताड्यासारखे खाडीतले मासे पाळायचे असतील तर खाडी बघा. समुद्रकाठी मिळते ती हवा आणि चढा भाव. मत्स्यशेतीला लागणारी चिकणमाती, मचूळ पाणी आणि त्या पाण्याची सवय असलेली माणसं खारेपाटात आहेत. शिवाय क्रम उलटा ठेवा. आधी पाणी तपासा, मग जमिनीचे कागद, मग परवानगी, आणि पोकलेन सगळ्यात शेवटी. इथे पैसे बुडतात ते बहुधा हा क्रम चुकल्याने.

खारेपाट कसा चालतो

अलिबाग, पेण आणि उरण तालुक्यांत धरमतर खाडी आणि तिच्या फाट्यांच्या काठाने पसरलेली सपाट भातजमीन म्हणजे खारेपाट. अलिबागकडे शहापूर, धेरंड, मानकुळे आणि पेणकडे वाशी, शिर्की, दादर ही त्यातली गावं. ही जमीन उधाणाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाडीला मातीचा बाहेरचा बांध अडवतो. पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात मोरी असते, तिला ‘उघडी’ म्हणतात. तिची झडप भरतीला खाडीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. झडपेत एखादा ओंडका अडकला तरी रात्रीत शेकडो एकरांत खारं पाणी शिरतं.

बांधाला उंदीर आणि चिंबोऱ्या बिळं पाडतात. उधाणात त्या बिळातून पाणी झिरपू लागतं, माती वाहते आणि बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. खांड वेळेत बुजवली नाही तर खार धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात, तोवर भात होत नाही. म्हणून जमीन बघायला जाल तेव्हा प्लॉटच्या आधी बाहेरच्या बांधावरून चाला. बांध सरकारी योजनेतला असेल तर दुरुस्ती खारभूमी विकास विभागाकडे असते, खासगी असेल तर गावकऱ्यांकडे. गेल्या पाच वर्षांत खांड कुठे गेली आणि कोणी बुजवली, एवढं गावात विचारलंत तर त्या जमिनीबद्दल दलाल आठ दिवसांत सांगणार नाही इतकं कळेल.

भरतीची वेळ काढायचा इथला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत गेलं की पाणी थोडं उशिरा चढतं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं, आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. जमीन दोनदा बघा : एकदा उधाणाच्या भरतीला, एकदा ओहोटीला. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसलेली जागा जुलैच्या उधाणात, वरून पाऊस कोसळत असताना कशी असते, हे एकदा तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

जागेवर काय तपासायचं

माती : फूटभर खालची माती ओली करून मुठीत वळा आणि गोळा हवेत उडवून झेला. फुटला नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. मग मीटरभर खोल खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी पाणी थोडं उतरलेलं चालेल, खड्डा रिकामा झाला असेल तर जागा सोडा. खड्ड्याच्या भिंतीवर गंजासारखे लालसर-पिवळे पट्टे दिसले तर माती आम्ल असण्याची शक्यता आहे. मातीचा सामू (पीएच) ६.५ च्या वर असेल तर उत्तम. ५.५ च्या खाली असेल तर चुन्यातच पैसे जात राहतील.

पाणी : रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्या. क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यात किती भाग मीठ, ते मोजायचं हे हातात मावणारं उपकरण आहे. विहीर, चर आणि खाडी या तिन्ही ठिकाणी जानेवारीत, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये मोजमाप घ्या. खाडीत मे महिन्यात ३० च्या पुढे गेलेली क्षारता ऑगस्टमध्ये ५ च्याही खाली येते. जिताड्याला ० ते ३५ पर्यंत काहीही चालतं. कोळंबीला ही उलथापालथ झेपत नाही. खारेपाटातल्या नवख्याने जिताड्याने सुरुवात करावी, असं आम्ही म्हणतो त्याचं पहिलं कारण हेच.

तिवरं : ही सगळ्यात महाग पडणारी चूक. सातबारावर भात लिहिलेलं असतं आणि जागेवर तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, रोपं उभी असतात. कधीतरी खांड गेली, खारं पाणी आलं, शेती सुटली आणि तिवर उगवली, असं या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी झालं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवन तोडणं बेकायदेशीर आहे, जमीन खासगी मालकीची असली तरी. कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम आणि भराव चालत नाही. म्हणजे शेजारच्या गटात तिवरं असली तरी तुमची अर्धी जागा अडकू शकते. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत गेल्या दहा-पंधरा वर्षांतला तो गट बघून घ्या. अलीकडेच जाळून किंवा तोडून साफ केलेली जागा स्वस्तात मिळत असेल तर तिच्यासोबत गुन्हाही गळ्यात येतो.

कागद

पहिला प्रश्न तुमच्याबद्दलचा : तुम्ही शेतकरी आहात का? महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत किंवा भाडेपट्ट्याने घेता येत नाही. स्वतःच्या किंवा वडिलोपार्जित सातबारावरून शेतकरी दाखला मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तो विजेचा दर, कर्ज, विमा यांसाठी उपयोगी आहे. त्याच्या जोरावर शेतकरी नसतानाही जमीन घेता येईल असं कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या आणि चहा पिऊन निघा. शेतकरी नसाल आणि परवानगी घेऊन शेतकऱ्याशी भाडेपट्टा करणार असाल तर तो नोंदणीकृतच करा. तळं खणण्याचा खर्च वसूल व्हायला वेळ लागतो, म्हणून निदान सात-आठ वर्षांची मुदत मागा आणि मुदतीअखेर तळं बुजवून द्यायचं की तसंच ठेवायचं ते करारात लिहा. भाडेपट्ट्यालाही कलम ६३ लागू आहे, म्हणून परवानगीचं वकिलाकडून आधी बघून घ्या.

मग सातबारा. इथे तो वाचताना डोळा ‘इतर हक्क’ या रकान्यावर हवा. चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा चालला तो याच भागात, आणि कूळ हा शब्द इथे कागदावर अजून जिवंत आहे. बघायचं ते असं :

– भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही.
– कुळाचं नाव, किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा. शेरा असेल तर विक्रीच्या अटी तहसील कार्यालयात लेखी विचारा.
– खासगी वन, भूसंपादन, बँकेचा बोजा यांपैकी काही.
– पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती. एकरभर म्हणून घेतलेल्या जमिनीत दहा गुंठे खाजण निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत.
– सहहिस्सेदार. आजोबांच्या नावावरच्या जमिनीला वीस वारस असतात आणि त्यातले काही मुंबईला. बहिणींच्या सह्या नसलेलं खरेदीखत घेऊ नका.

मागच्या तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढा. ते सातबाराच्या डाव्या-उजव्या बाजूला लिहिलेल्या क्रमांकांवरून मिळतात. गटाचा नकाशा घ्या आणि व्यवहाराआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. खारेपाटात हद्दीचे दगड चिखलात गाडले जातात आणि शेताचे आतले बांध दर वर्षी हातभर इकडे-तिकडे होतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीमुळे किती लहान तुकडा विकता येतो याला मर्यादा आहे, म्हणून ‘पाच गुंठे देतो’ अशा जाहिरातीला भुलण्याआधी तलाठ्याला विचारा. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नवनगर विकास प्राधिकरण नेमलं आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का, तेही पाहून ठेवा. खरेदीखत नोंदल्यावर काम संपत नाही. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव चढेपर्यंत तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करा.

कोळीवाड्यातलं घर घ्यायचं असेल तर प्रकरण वेगळं. तिथे सातबारापेक्षा गावठाणाची हद्द, मालमत्ता पत्रक आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा महत्त्वाचा. मासळी सुकवायची मोकळी जागा, होडी ओढायची वाट आणि जाळी विणायचा ओटा यांवर वहिवाटीचे हक्क असतात. ते कुठल्याही नकाशावर दिसत नाहीत. तिथे कुंपण घातलंत की वाद सुरू.

सीआरझेड आणि नोंदणी

२०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे समुद्रकाठच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तिथे ते ५० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. भरतीरेषा कुठे धरली आहे हे तुमच्या डोळ्यांवर अवलंबून नसतं, ते मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर ठरतं. आपला गट त्या नकाशावर टाकून घ्या.

तळ्यात खारं किंवा निमखारं पाणी घेणार असाल तर किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाची नोंदणी लागते. समुद्र, खाडी किंवा भरतीच्या नदीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन या कायद्यात येते. कायदा २००५ चा, त्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. अर्ज कसा करायचा हे अलिबागच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. तिथेच प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचीही चौकशी करा. त्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. मंजुरीच्या आधी खणलेल्या तळ्याचं अनुदान मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

खणलेली माती स्वतःच्या बांधावर टाकायची. बाहेर विकली किंवा नेली की गौण खनिजाचा प्रश्न उभा राहतो, आणि तहसीलदाराच्या दंडाची रक्कम तळ्याच्या खर्चाला टक्कर देते.

राहायला येणार असाल तर

प्यायच्या पाण्याची सोय आधी बघा. खारेपाटातल्या विहिरी मचूळ असतात आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. १००० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९००० लिटर पाणी मिळतं. १० हजार लिटरची टाकी बांधली तर उन्हाळ्यात निदान स्वयंपाकाची चिंता जाते. बांधकामाला खाडीची रेती आणि मचूळ पाणी वापरू देऊ नका. सळई आतून गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पापुद्रे सुटतात.

गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो तेव्हाही चालते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. तेव्हा बाजारात गोड्या पाण्यातली मासळी, चिंबोऱ्या आणि सुकट. रेवस किंवा बोडणीच्या बंदरावर लिलाव चालू असताना मध्येच भाव विचारू नका. लिलाव संपू द्या, मग कोळणीशी बोला, आणि पहिल्या दिवशी घासाघीस नको. माशाच्या खाद्यासाठी रोजची बारीक मासळी पुढे तीच देणार आहे.

तळं : मोजमाप

सुरुवातीला १० गुंठे पाणी पुरे. त्यासाठी २० गुंठे जमीन धरा, कारण बांध, चर आणि हद्दीपासून सोडायचं अंतर यांतच निम्मी जाते. १० गुंठ्यांचं तळं म्हणजे साधारण ३२ मीटर बाय ३२ मीटर.

खोलीबद्दल नवखे हमखास चुकतात. पुस्तकात दीड मीटर पाणी लिहिलेलं असतं. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रोज पाचेक मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे एकूण १.२ मीटर. दीड मीटरच्या तळ्यात मे महिन्यात गुडघाभर गरम पाणी उरतं, आणि मासा तेव्हाच सगळ्यात मोठा असतो. पावसाळा संपताना २.२ ते २.५ मीटर पाणी उभं राहील एवढं खणा. खोल खणल्यावर खालून मचूळ पाझर लागला तर जिताड्याच्या दृष्टीने उलट बरंच.

बांधाचा माथा दीड मीटर, आतला उतार एकास दीड, पाण्याच्या वर ६० सेंटिमीटर मोकळी उंची. माती फूट-फूट थराने टाकून दाबा, एकदम ढीग केला की पहिल्या पावसात भेगा पडतात. शेजाऱ्याच्या हद्दीपासून दोन मीटर आत राहा आणि मधे चर काढा. तुमचा मचूळ पाझर त्याच्या भातात गेला तर पुढचं सगळं आयुष्य पंचायतीत जाईल. याच कारणासाठी, बाहेरच्या बांधाची उघडी उचलून खाडीचं पाणी आत घेण्याचा विचारही करू नका. खारेपाटातल्या घराशेजारच्या तळ्यांत जिताडा पूर्वीपासून पावसाच्या पाण्यावर वाढतो आहे, तुमचाही वाढेल.

एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० गुंठ्यांच्या तळ्यात एक लाख लिटर पाणी वाढतं. त्यासाठी सहा इंची दोन सांडवा-पाइप बसवा. तोंडाला जाळी लावा आणि ती जाळी जुलैमध्ये रोज साफ करा. पालापाचोळ्याने जाळी बुजते, पाणी बांधावरून वाहतं आणि वर्षाची कमाई शेजारच्या भातात पोहायला जाते. बांधावर चारही बाजूंनी तीन फूट उंच जाळीचं कुंपण हवंच.

पिल्लं सोडण्याआधी

१. मे महिन्यात तळं भेगा पडेपर्यंत वाळवा. पूर्ण वाळत नसेल तर उरलेल्या फूटभर पाण्यात ६० ते ७५ किलो मोहाची पेंड टाका, नको असलेले मासे मरतात. त्यानंतर तीन आठवडे पिल्लं सोडायची नाहीत.

२. चुना : सामू ६.५ च्या वर असेल तर १० गुंठ्यांना २५ किलो, ५.५ ते ६.५ असेल तर ५० ते १०० किलो. बांधाच्या आतल्या उतारावरही मारा.

३. जूनमध्ये पाणी मीटरभर झालं की तिलापिया सोडा, इथल्या तोंडी चिलापी. ५०० ते १००० नग, एका नराला तीन माद्या. ती दीड-दोन महिने पिल्लं घालत राहील आणि तेच जिताड्याचं पहिलं खाद्य.

४. पाणी हिरवट हवं. पांढरी ताटली काठीला बांधून पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० वरच गेली तर पाणी फार दाट झालं, ६० पर्यंत दिसत राहिली तर तिलापियालाही खायला नाही.

जिताड्याची पिल्लं दोन प्रकारे मिळतात. पावसाळ्यात खाडीत पकडलेली आकाराने मिश्र असतात आणि त्यांत दुसऱ्या जातीही निघतात. हॅचरीची प्रामुख्याने तमिळनाडूतून येतात, राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राची हॅचरी त्यांत जुनी. हॅचरीला तुमच्या तळ्याची क्षारता आधी कळवा आणि पिल्लं त्या क्षारतेवर आणूनच पाठवायला सांगा. ३० क्षारतेच्या पाण्यातून थेट पावसाच्या पाण्यात ओतलेली पिल्लं सकाळी तरंगताना दिसतात.

इंचभराचं पिल्लू थेट तळ्यात सोडायचं नाही. जिताडा आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश लांबीचा भाऊबंद सहज गिळतो. म्हणून मच्छरदाणीच्या कापडाचे हापे, म्हणजे जाळीच्या पेट्या, दोन मीटर बाय दीड मीटर, तळ्यातच बांबूंना बांधा. चौरस मीटरला ८० ते १०० पिल्लं. मासळीचा बारीक खिमा करून दिवसातून दोनदा द्या. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या एकूण वजनाइतका, दुसऱ्यात ६० टक्के, तिसऱ्यात ४० टक्के. दर आठवड्याला निवड करा : मोठी एका हाप्यात, मधली दुसऱ्यात, बारकी तिसऱ्यात. हे काम कंटाळवाणं आहे, आणि एक आठवडा चुकवला तर मेलेली पिल्लं दिसतसुद्धा नाहीत. आकडा तेवढा कमी होतो आणि दोन-चार पिल्लं संशयास्पद गुबगुबीत दिसतात. हाप्याचं कापड शेवाळाने बुजतं, ते मऊ ब्रशने दोन-तीन दिवसांनी घासा.

तीस ते पंचेचाळीस दिवसांत तीन-चार इंच झाली की तळ्यात सोडा. तिलापियाच्या आधारावर १० गुंठ्यांना ३०० ते ५०० नग, नवख्याने ४०० च्या पुढे जाऊ नये. पहाटे किंवा संध्याकाळी सोडा. पिशवी आधी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या.

खाद्य आणि त्याचा हिशोब

बारीक मासळी कापून : पहिले दोन महिने माशांच्या एकूण वजनाच्या १० टक्के, पुढे ५ टक्के. सरासरी २० ग्रॅमचे ४०० मासे म्हणजे ८ किलो, त्यांना दिवसाला ८०० ग्रॅम. पुढे ४०० ग्रॅमचे ३०० उरले तर १२० किलो, त्यांना ६ किलो. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मासे पकडून वजन केल्याशिवाय हा हिशोब जमत नाही. एकाच जागी, एकाच वेळी, थोडं थोडं टाका. मासे वर येऊन घ्यायचे थांबले की तुम्हीही थांबा. जिताडा तळाला बसलेलं खाद्य उचलत नाही, ते तिथेच कुजतं.

किलोभर जिताड्याला पाच ते सात किलो मासळी लागते. तरंगत्या गोळीखाद्याने दीड ते दोन किलोत भागतं. जून-जुलैच्या बंदीत मासळी मिळतच नाही, त्यामुळे गोळीची सवय आधीपासून लावावी लागते. हाप्यात असतानाच खिम्यात गोळीचा चुरा मिसळत जा. चारशे ग्रॅमच्या माशाला अचानक गोळी दाखवली तर तो ढुंकूनही बघणार नाही.

काय बिघडतं

पहाटे चार-पाचच्या सुमारास मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे. ढगाळ, वारा पडलेले दोन-तीन दिवस सलग आले की हे होतं. त्या दिवशी खाद्य बंद. पंपाने त्याच तळ्याचं पाणी उचलून फवाऱ्यासारखं वरून पाडा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर आणि सामू ७.५ ते ८.५ राहायला हवा.

मे अखेरच्या पहिल्या वळवात बांधावरची आम्ल माती धुऊन तळ्यात येते आणि सामू एकदम घसरतो. पावसाआधी बांधावर चुना भुरभुरून ठेवा.

पाणकावळे लहान माशांचा फडशा पाडतात. तळ्यावर फूट-दीड फुटावर आडव्या दोऱ्या ताणल्या की त्यांना सूर मारता येत नाही. चोरीला दोरी चालत नाही, तिथे राखणदार आणि गावाशी बरे संबंध एवढंच.

जाळ्यात घासलेल्या माशाला जखमा होतात आणि त्या चिघळतात. प्रतिजैविकं टाकण्याचा सल्ला कोणी देईल. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यसंवर्धनात बंद आहेत. हात कमी लावणं हाच उपाय.

व्हेनामी आणि चिंबोरी

व्हेनामी कोळंबी भारतात २००९ पासून पाळली जाते आणि तिच्या नफ्याची गणितं सगळ्यांना तोंडपाठ असतात. शंभर-एकशेवीस दिवसांत पीक येतं हे खरं. पण तिला चोवीस तास वीज, एअरेटर, प्राधिकरणाकडे नोंदलेल्या हॅचरीचं रोगमुक्त बीज, राखीव पाण्याचं तळं आणि सांडपाण्याचं वेगळं तळं लागतं. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांमार्फत शिरतो आणि खारेपाटात पावलापावलावर खेकडे आहेत. जिताड्याची दोन पिकं घेतल्यावर याचा विचार करा.

चिंबोरीचं पुष्टीकरण मात्र जोडधंदा म्हणून चांगलं. कात टाकलेली पोकळ चिंबोरी स्वस्तात घ्यायची, छिद्रांच्या डब्यात एकेक ठेवायची आणि तीन-चार आठवडे मासळीवर पोसून भरलेली विकायची. दोन एकत्र ठेवल्या तर एकच उरते.

काढणी

ऑगस्टअखेर तळ्यात गेलेला मासा जूनपर्यंत ७०० ग्रॅम ते किलोपर्यंत जातो. तेव्हा समुद्राची मासळी बंद असते आणि गटारीपर्यंत गिऱ्हाईक दारात येतं. श्रावण लागला की ते गायब. सगळा मासा एकदम काढू नका. एप्रिलमध्ये पाणी उतरू लागलं की मोठे शंभरेक काढा, उरलेल्यांना जागा आणि हवा मिळते. बाकीचे जूनपासून आठवड्याला थोडे थोडे.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. ओढजाळं पाण्याच्या वर निदान मीटरभर राहील असं धरा, कारण जिताडा उडी मारून जाळं ओलांडतो. गालाच्या हाडाची कड ब्लेडसारखी असते, म्हणून हातमोजे घाला. मासा काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात सोडा, मग वजनाइतका बर्फ घालून भरा. ज्या गिऱ्हाइकाला ताजा हवा आहे त्याला तळ्यावर बोलवा आणि त्याच्यासमोर वजन करा. घाऊक बाजारापेक्षा तिथे भाव नेहमी चांगला मिळतो, आणि पुढच्या वर्षीची नोंदणी तो तिथेच करून जातो.